आत्याला नाटकाची आवड नाही (म्हणे)

मागच्या गुरुवारी आत्याला घेऊन डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. मॅनेजरला 'वर्क फ्रॉम होम' सांगितलं होतं, त्यामुळे लॅपटॉप सॅकमध्ये आणि सॅक मांडीवर. आत तपासणीला वेळ लागणार होता. तेवढ्यात एक हसतमुख मुलगी फॉर्म घेऊन आली. "काकू, थोडे प्रश्न विचारू का? क्वालिटी ऑफ लाइफचा सर्व्हे आहे, दहा मिनिटं लागतील." आत्या म्हणाली, विचार की. फॉर्म इंग्रजीत होता आणि ती मुलगी तिथल्या तिथे मराठी करून विचारत होती. मी शेजारीच बसलो होतो.

"काकू, तुम्ही गाडी चालवता का?"

"नाही गं."

"नजरेमुळे सोडली?"

"सोडायला आधी धरायला नको का? शिकलेच नाही कधी. आमच्या ह्यांची स्कूटर होती, मी मागे बसायची."

मुलीने काहीतरी खूण केली आणि पुढे गेली. असेच प्रश्न. पेपर वाचता येतो का, कपाटात भरलेल्या सामानातून वस्तू सापडते का, कमी उजेडात पायऱ्या उतरता येतात का. मग विचारलं, "लोकांच्या घरी जाणं, समारंभ, हॉटेल... यात नजरेमुळे किती अडचण येते?"

आत्या पटकन म्हणाली, "मी जातच नाही आता फारशी. आवड नाही राहिली."

"आणि सिनेमा, नाटक?"

"त्याची पण नाही."

परत खूण. फॉर्म संपला, मुलगी थँक यू म्हणून गेली. मी लॅपटॉप उघडला आणि मेल बघायला लागलो. पण डोक्यात काहीतरी अडकलं होतं. कारण ज्या बाईने मला पाचवीत असताना हाताला धरून पहिलं नाटक दाखवलं, मध्यंतरात बटाटेवडा खाऊ घातला आणि परत येताना लोकलमध्ये सगळ्या पात्रांच्या नकला करून दाखवल्या, त्या बाईला नाटकाची आवड नाही?

आधी आत्याच्या डोळ्यांबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. हा आनुवंशिक आजार आहे. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात, रॉड आणि कोन. रॉड अंधुक उजेडात आणि कडेकडेचं बघण्यासाठी, कोन भर उजेडात रंग आणि बारीक तपशील बघण्यासाठी. या आजारात साधारणपणे आधी रॉड जातात. म्हणजे पहिल्यांदा रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं कमी कमी होत जातं, आणि मधलं बऱ्याचदा खूप उशिरापर्यंत शाबूत राहतं. जाड पुठ्ठ्याच्या नळीतून जग बघितल्यासारखं. त्यामुळे आत्या पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचते, सुईत दोरा ओवते, पण पायाशी बसलेलं कुत्रं तिला दिसत नाही. संध्याकाळी सातनंतर तर तिच्यासाठी जग बंद.

स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली अक्षरांचा तक्ता काढला, तोच आजही भिंतीवर लटकलेला असतो. त्या तक्त्यापुढे आत्या उभी राहिली की ६/९. म्हणजे जवळजवळ आपल्यासारखी! चष्म्याच्या दुकानात तिला कितीतरी वर्षं "नजर छान आहे की तुमची" असंच सांगत आलेत. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीच्या व्याख्येत निव्वळ तक्ता नाही, दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असणंही येतं. ते बरं आहे. पण बोलण्याचालण्यात आपण अजून तक्त्यावरच आहोत. "वाचता येतं ना? मग दिसतंय की!"

या तक्त्याला कंटाळूनच तर डॉक्टर लोकांनी प्रश्नावल्या बनवल्या. विचार अगदी योग्य होता. अक्षर दिसतं का यापेक्षा माणूस जगतो कसा ते विचारा. त्यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी म्हणजे अमेरिकेतल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटची, एनईआय व्हीएफक्यू-२५. आधी ५१ प्रश्न होते, २००१ मध्ये २५ ची छोटी आवृत्ती आली. जगभर शेकडो अभ्यासांत, औषधांच्या चाचण्यांत हीच वापरतात. त्या मुलीचे प्रश्न मला आठवत होते तसे शोधले, तर हीच निघाली. गुण कसे द्यायचे याची पुस्तिकाही नेटवर फुकट मिळते. शनिवारी दुपारी चहा घेऊन ती वाचायला बसलो आणि चहा गार झाला.

बघा हं. किती अडचण येते असं विचारणाऱ्या बहुतेक प्रश्नांना सहा उत्तरं आहेत. अजिबात अडचण नाही : १००. थोडी : ७५. मध्यम : ५०. अतिशय : २५. नजरेमुळे हे करणंच सोडलं : ०. आणि सहावं, दुसऱ्या कारणाने सोडलं किंवा यात रस नाही. त्याचे गुण? गुण नाहीत. ते उत्तर 'मिसिंग' धरायचं आणि उरलेल्यांची सरासरी काढायची.

इथे आपल्यापैकी ज्यांनी आयुष्यात एकदा तरी एसक्यूएल लिहिलंय त्यांच्या पोटात गोळा आला पाहिजे. सरासरीचं फंक्शन नल गाळून टाकतं. त्यावरून प्रॉडक्शनमध्ये किती वेळा शिव्या खाल्ल्यात! रिपोर्ट सुंदर दिसतो, आलेख वर जातो, आणि आठवड्याने कुणीतरी विचारतं की ज्या रांगा रिकाम्या होत्या त्यांचं काय केलंत?

तर मी बसून आत्याचा हिशोब केला. उत्तरं मी ऐकलेलीच होती. लांबच्या नजरेच्या गटात तीन प्रश्न आहेत. दिवसा दुकानांच्या पाट्या वाचणं, ७५. अंधुक उजेडात पायऱ्या उतरणं, २५. नाटक-सिनेमा, 'आवड नाही', गाळलं. सरासरी ५०. तेच आत्या खरं बोलली असती आणि नजरेमुळे सोडलं म्हणाली असती तर तिथे ० आले असते आणि सरासरी ३३ झाली असती. सामाजिक गटात दोनच प्रश्न. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव दिसतात का? समोर, उजेडात असेल तर दिसतात, १००. लोकांकडे जाणंयेणं? 'आवड नाही', गाळलं. सरासरी १००! म्हणजे सामाजिक आयुष्यात माझ्या आत्याला पैकीच्या पैकी गुण, कारण ती कुणाकडे जातच नाही. खरं उत्तर दिलं असतं तर ५०.

पुढे अजून मजा आहे. शेवटचा आकडा म्हणजे या सगळ्या गटांची सरळ सरासरी. गाडी चालवण्याचा गट गाळला की दहा गट उरतात आणि सगळ्यांचं वजन सारखं. डोळा दुखत नाही, १००. रंग ओळखता येतात, कपडे जुळवता येतात, १००. आणि कडेचं दिसतं का, जो तिचा अख्खा आजार आहे, तो एक प्रश्न, एक गट, दहातला एक. माझ्या हिशोबाने आत्याला ७२.५ मिळाले. त्या दोन प्रश्नांना खरी उत्तरं दिली असती तर ६५.८. फरक ६.७ गुणांचा. संशोधनात साधारण ४ ते ६ गुणांचा फरक 'अर्थपूर्ण' मानतात. म्हणजे एखाद्या औषधाने जेवढा फायदा झाला तर कंपनी पेढे वाटेल, त्याहून जास्त फायदा आत्याने दोनदा "आवड नाही" म्हणून स्वतःच मिळवला.

आणि हेच मला खुपतंय. ही प्रश्नावली आयुष्य आक्रसत जाणाऱ्या माणसाला वरचे गुण देते. अजून धडपडत, ठेचा खात, टॉर्च घेऊन हळदीकुंकवाला जाणारी बाई "अतिशय अडचण" म्हणणार आणि तिला २५ मिळणार. तिच्यासारखीच नजर असलेली, पण घरी बसलेली बाई "मला आवड नाही" म्हणणार आणि तिच्या गुणांना धक्काही लागणार नाही. दोघींमध्ये कुणाचं आयुष्य बरं चाललंय, तुम्ही सांगा.

तुम्ही म्हणाल, बनवणारे काय मूर्ख होते का? अजिबात नाही. कुणी गुडघे दुखतात म्हणून नाटकाला जात नसेल तर त्याचं खापर डोळ्यांवर का फोडायचं, हा त्यांचा विचार, आणि तो बरोबरच आहे. पण 'दुसरं कारण' ही काय चीज आहे हे आपल्याकडे कुणालाही विचारा. दिसत नाही म्हणणं म्हणजे परावलंबी झालो म्हणणं. पन्नाशीतल्या बाईने ते म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून सून गॅस पेटवू देत नाही. त्यापेक्षा "गर्दीचा कंटाळा येतो", "हल्ली नाटकं कुठे पूर्वीसारखी राहिलीत", "रात्रीचं जागरण सोसत नाही". दुसरं कारण नेहमी तयार असतं, आणि चार-पाच वर्षं म्हणत राहिलं की ते म्हणणाऱ्यालाही खरं वाटायला लागतं.

आमच्या घरात काय झालं ते सांगतो, मग मी एवढा का तापलोय ते कळेल. दोन वर्षांपूर्वी माझं लग्न झालं. सकाळच्या मुहूर्ताला आत्या हजर, नऊवारी, नथ, सगळं. रिसेप्शन संध्याकाळी होतं, लॉनवर. झाडांना बारीक बारीक दिवे गुंडाळलेले, बाकी अंधार, हिरवळीत मध्येच पायऱ्या, मध्येच वायरी. फोटोत फार छान दिसतं ते. आत्या दुपारीच "डोकं दुखतंय" सांगून घरी गेली. आई अजून ते विसरलेली नाही. "सख्ख्या भाच्याचं रिसेप्शन आणि ही बाई घरी झोपली." पुढे दोन बारशी, एक वास्तुशांत, सगळीकडे तेच. घरात ठरूनच गेलं की आत्याला आता माणसं नकोशी झालीत. मीही हेच म्हणत होतो. आजार आम्हाला सगळ्यांना माहीत होता, नाव पाठ होतं, रिपोर्टची फाइल माझ्याच कपाटात होती. तरी आम्ही सगळ्यांनी तिचं 'आवड नाही' जसंच्या तसं घेतलं आणि गाळून टाकलं. तेव्हा त्या प्रश्नावलीला शिव्या घालताना मला स्वतःलाही घालाव्या लागतात. असो.

माझ्या टीममधल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, मग काय मोजायचंच नाही का? मोजल्याशिवाय सुधारणा कशी होणार?" हा आपल्या धंद्यातला आवडता प्रश्न. मोजा ना! माझा रोख मोजण्यावर नाहीच. याच क्षेत्रातली माणसं गेली पंचवीस-तीस वर्षं याच्याशी झगडतायत. 'थोडी' ते 'मध्यम' आणि 'अतिशय' ते 'सोडलं' हे अंतर सारखंच, २५ गुणांचं, हे कुणी ठरवलं, हा प्रश्न त्यांनीच विचारला. जॉर्ज राश नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९६० मध्ये मांडलेलं मॉडेल अमेरिकेतल्या रॉबर्ट मॅसॉफ यांच्यासारख्यांनी अल्पदृष्टीच्या प्रश्नावल्यांना लावलं. त्यात प्रत्येक प्रश्न किती अवघड आणि माणूस किती सक्षम हे एकाच पट्टीवर ठेवता येतं. आपल्याकडेही काम झालंय. २००५ च्या सुमाराला भारतीय रुग्णांशी बोलून इथली स्वतंत्र ३३ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेने २००३ मध्ये मुलांसाठी केली, त्यात बसचा नंबर वाचता येतो का, पहिल्या बाकावरून फळ्यावरचं उतरवता येतं का, असे आपल्या पोरांचे प्रश्न आहेत. गाडी चालवता का, असं त्या पोरांना कुणी विचारत नाही :)

पण राशचं मॉडेलसुद्धा गाळलेल्या उत्तराचं कारण स्वतःहून ओळखू शकत नाही. ते उरलेल्या उत्तरांवरून अंदाज बांधतं, बस. रिकामी जागा का रिकामी आहे हे माणसालाच विचारावं लागतं. आणि ते विचारणं इतकं स्वस्त आहे की चीड येते. "आवड नाही" म्हटलं की पुढचा एकच प्रश्न : "कधीपासून?" दुसरं, नातेवाइकांना बाहेर बसवा. आत्या माझ्यासमोर खरं बोलणारच नव्हती, तिला मला वाईट वाटू द्यायचं नव्हतं. आणि तिसरं, आकडा छापायचाच तर शेजारी किती उत्तरं गाळली तेही छापा. '७२.५, तीन प्रश्न गाळले' असं वाचलं की निदान डॉक्टर मान वर करून विचारेल तरी.

हे सगळं केवळ आकडेमोडीचं भांडण असतं तर मी शनिवार वाया घालवला नसता. पण या आकड्यांवर पैसे ठरतात. आरोग्यावरचा खर्च कुठे करावा हे ठरवताना ब्रिटनपासून भारतापर्यंत एक वेगळी, सगळ्या आजारांना चालणारी प्रश्नावली वापरतात, ईक्यू-५डी. आपल्याकडे तिचा भारतीय गुणतक्ता चंडीगडच्या पीजीआयच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. पाचच प्रश्न : चालणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना, चिंता किंवा नैराश्य. नजरेबद्दल शब्द नाही. आत्याला विचारा. चालायला त्रास? नाही, पाय धडधाकट आहेत. आंघोळ? स्वतः करते. रोजची कामं? चार जणांचा स्वयंपाक करते. दुखतंय? नाही. चिंता? छे! झालं, जवळपास ठणठणीत. आता या ठणठणीत बाईला पांढरी काठी वापरायचं प्रशिक्षण द्या, घरात नीट उजेडाची सोय करून द्या, तिचं आयुष्य पालटेल, आणि या पट्टीवर सुधारणा दिसेल जवळजवळ शून्य. आधीच पैकीच्या पैकी असलेल्याचे गुण वाढवणार कसे? मग समितीत कुणीतरी म्हणणार, यावरचा खर्च परवडत नाही. या पाचात नजरेचा सहावा प्रश्न जोडून बघण्याचे प्रयोग झालेत. पण मूळ पट्टीत अजूनही पाचच आहेत.

आणि डॉक्टरांवर तोंडसुख घेऊन झालं असेल तर जरा आपल्या ऑफिसात या. आपण वेगळं काय करतो? अॅप वापरून झालं की 'अनुभव कसा वाटला' विचारतो. झालं की. म्हणजे जो शेवटपर्यंत पोचला त्यालाच. ज्याला फिकट राखाडी अक्षरं दिसली नाहीत, ज्याचा ओटीपी शोधेपर्यंत संपला, तो कंटाळून फोन बाजूला ठेवतो आणि मुलाला म्हणतो, "तूच कर रे, मला त्या मोबाइलची आवड नाही." आपल्या डॅशबोर्डवर तो नल. सरासरी ४.६ तारे! बँकेचं केवायसी करताना कॅमेऱ्यात बघून पापण्या मिटा म्हणतात ना, ते करता येत नाही म्हणून अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायका आणि एक अंध माणूस सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ही प्रक्रिया सगळ्यांना जमेल अशी करा. पापणी मिटवायची ती स्क्रीन कुठल्यातरी टीमने बनवली, टेस्ट केली, डेमो दिला, टाळ्या घेतल्या. आपल्यासारखीच माणसं होती ती. त्यांच्या आकड्यांत काहीच चुकलं नसणार.

हॉस्पिटलमधून परत येताना रिक्षात मी आत्याला विचारलं होतं, "नाटकाची आवड कधीपासून नाही गं?"

ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मध्यंतरानंतर जागेवर येत होते. दिवे गेलेले होते. एका बाईच्या मांडीवरच बसले जाऊन. सगळी रांग हसली. तुझे काका पण हसले."

"दुपारचा प्रयोग बघू की मग."

"चारचा सुटेपर्यंत साडेसात होतात. मग रिक्षा शोधा, पायऱ्या उतरा." थोडं थांबून म्हणाली, "मी तिला आवड नाही म्हटलं ते चुकलं का रे? फॉर्म खराब झाला का तिचा?"

काल हे सगळं लिहून झाल्यावर तिला फोनवर वाचून दाखवलं. मांडीवर बसल्याचं काढ म्हणाली. मी नाही म्हटलं, तर म्हणाली, मग निदान काका हसले ते तरी काढ, ते आता नाहीत उत्तर द्यायला. तेही राहू दिलंय, तिच्या परवानगीने, पण एका अटीवर. सकाळी अकराचा प्रयोग कुठे लागतो का ते बघायचं, आणि मध्यंतरात तिने जागेवरून उठायचं नाही, बटाटेवडे मी आणायचे. पुढच्या रविवारची दोन तिकिटं काढलीत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तीन काढ.